इन्क्युबेटरच्या पिलांसाठी प्रोबायोटिक पावडर: एका पावसाळ्याचा अनुभव

मे महिन्याच्या अखेरीस गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारातून मी कोंबडीच्या पिलांसाठी प्रोबायोटिक पावडरीची, म्हणजे आतड्याला उपकारक अशा जिवंत जिवाणूंची, पुडी आणली. तिच्यावर लॅक्टोबॅसिलस आणि बॅसिलस सबटिलिस या जिवाणूंची नावे होती आणि थंड जागी ठेवण्याची सूचनाही. दुकानदाराने मात्र ती तापलेल्या पत्र्याखालच्या फळीवरून काढून दिली. बॅसिलसचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली त्यांची सुप्त रूपे, अशी उष्णता सोसतात, लॅक्टोबॅसिलसचा तेवढा भरवसा नाही.

इन्क्युबेटरमधून निघालेल्या पिलाला आई भेटत नाही, त्यामुळे तिच्या शिटेतून आणि तिने उकरलेल्या मातीतून मिळणारे आतड्यातले जिवाणू त्याला वेळेवर लाभत नाहीत, आणि त्या मोकळ्या जागेत साल्मोनेलासारखे रोगजंतू सहज ठाण मांडतात. प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातील जिवाणू नवजात पिलांना पाजले तर साल्मोनेलाला आळा बसतो, हे फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी 1973 मध्ये दाखवले. त्या भरगच्च मिश्रणापुढे पुडीतले मोजके जिवाणू म्हणजे हंडाभर भातातले एक शीत.

माझी बारा पिले बल्बखाली, भाताच्या तुसावर खोक्यात होती; त्यांना पावडर विहिरीच्या पाण्यातून दिली, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीनने जिवाणू मरतात. खुडूक कोंबडीने उबवलेली नऊ पिले कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पाचोळा उकरत फिरत होती, त्यांना काहीच दिले नाही. खोक्यातल्या पिलांची बुडे आधीच्या खेपेला पातळ शिटेने चिकटत, ते यंदा पहिल्या आठवड्यात फारसे झाले नाही. मधूनमधून पडणारी चॉकलेटी, चिकट शीट पाहून शेजारच्या काकी घाबरल्या, पण ती अंधांत्रातून, म्हणजे आतड्याच्या बंद टोकाच्या पिशवीतून, येणारी नेहमीची शीट असते, हगवण नव्हे. कुळागरातली पिले मात्र पुडीशिवायच अधिक टणक निघाली. अर्थात त्यांची ऊब, खाद्य आणि जागा सगळेच निराळे असल्याने हे श्रेय एकट्या जिवाणूंना देता येणार नाही.

जुलैत तूस ओले होऊन खोक्यात अमोनियाचा उग्र वास सुटला आणि रक्ती हगवण लागली, तेव्हा पावडरीचा काडीचाही उपयोग झाला नाही. पशुवैद्यांनी दिलेले कॉक्सिडिओसिसचे (आतड्यातल्या परजीवींमुळे होणाऱ्या या रक्ती हगवणीचे) औषध आणि रोज बदललेले कोरडे तूस, यांनीच पिले सावरली. पुढच्या खेपेला पुडी घेईन, पण फक्त इन्क्युबेटरच्या पिलांसाठी आणि ती फ्रिजमधून काढून देणाऱ्या दुकानातूनच.