फाशांपेक्षा मोजपट्टी भारी: वॉरहॅमर ४०,००० चा काही महिन्यांचा अनुभव

छोटी फौज टेबलावर मांडायची आणि फासे टाकायचे, एवढ्याच कल्पनेवर मी वॉरहॅमर ४०,००० या युद्धखेळात उतरले. आता बरेच महिने खेळल्यावर माझं मत ठाम झालंय: इथे फासे आवाज करतात, पण सामना फिरवते ती इंचांची मोजपट्टी.

आधी खोक्याबद्दल. त्यातून सैनिक निघत नाहीत, सुटे भाग निघतात. स्प्रू म्हणजे सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटीतून हात, डोकी, बंदुका कटरने सोडवायच्या, साच्याच्या जोडाची बारीक रेघ पात्याने खरवडायची आणि मग प्लास्टिक सिमेंट लावायचं. ते नुसतं चिकटवत नाही, दोन्ही कडा किंचित विरघळवून एकजीव करतं, म्हणून थेंबभर पुरतं. रेझिनच्या मिनिएचरवर, म्हणजे छोट्या बाहुल्यावर, मात्र त्याचा काही उपयोग नाही, तिथे सुपरग्लूच हवा.

रंगकामाची धास्ती उगाच असते. आधी प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, त्यावर पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचे दोन हात, मग वॉश. हा काळपट पातळ द्राव चिलखताच्या खाचांत आपोआप उतरतो आणि सपाट दिसणाऱ्या चेहऱ्याला एकदम डोळे, गालफडं, दात येतात. टेबलावरून बघायला एवढं रंगकाम खूप झालं. आणि पूर्ण फौज रंगवून झाल्याशिवाय खेळायचंच नाही, असं ठरवू नका. घरच्या सामन्यात राखाडी प्लास्टिकही तितकंच लढतं.

मी २०२३ साली आलेली दहावी आवृत्ती खेळते. तिचे मूळ नियम पीडीएफमध्ये फुकट मिळतात, त्यामुळे सुरुवातीला जाडजूड पुस्तक घ्यायची गरज नाही. त्याआधीच्या दोन आवृत्त्या २०१७ आणि २०२० च्या, यावरून पुस्तकं किती काळ टिकतात याचा अंदाज घ्या.

आता फाशांचा हिशोब. स्पेस मरीन या फौजेतल्या पाच इंटरसेसर सैनिकांनी त्यांच्या बोल्ट रायफल या बंदुकीने तसल्याच दुसऱ्या तुकडीवर गोळीबार केला, तर १० फासे पडतात. ३ किंवा जास्त आलं की नेम लागला, म्हणजे साधारण साडेसहा गोळ्या. ४ किंवा जास्त आलं की जखम, म्हणजे निम्म्या गळाल्या. उरलेल्यांतल्या पुन्हा निम्म्या समोरचा चिलखतावर अडवतो. शेवटी सरासरी दीडच्या आसपास जखमा, आणि एक मरीन पडायला दोन लागतात! एवढी खडखड करून कधीकधी एकही बाहुलं उचललं जात नाही. नवखा इथेच वैतागतो.

पण गुण मारामारीपेक्षा मुख्यतः ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे टेबलावरच्या ठरावीक मोक्याच्या जागा, ताब्यात ठेवण्याचे असतात आणि सामना पाच फेऱ्यांचा. ऑब्जेक्टिव्हच्या तीन इंचांत कुणाच्या सैनिकांच्या ताब्याच्या आकड्यांची बेरीज जास्त, तो त्याचा. म्हणजे कुठे उभं राहायचं हाच खरा प्रश्न. राखीव तुकडी आकाशातून उतरते तेव्हा तिला शत्रूपासून नऊ इंचांपेक्षा लांब राहावं लागतं. तिथून त्याच फेरीत चढाई करायची, तर दोन फाशांवर नऊ किंवा जास्त हवं, ही शक्यता ३६ पैकी १०. मी हेच उलट वापरते. ३२ मिलिमीटर बेसचे (बेस म्हणजे पायाखालची गोल चकती) पाच सैनिक मध्ये दोन-दोन इंच सोडून पसरले की १४ इंचांची रांग होते आणि तिच्या चहूबाजूंनी नऊ इंच शत्रूला उतरायला बंदी. स्वस्तातली स्वस्त तुकडी टेबलाचा मोठा तुकडा राखते, एकही गोळी न झाडता. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा समोरचा भिडू बराच वेळ पट्टी इकडून तिकडे लावत बसला होता.

खटकणारी गोष्ट एकच, पण मोठी: समोरचा आपली आख्खी फौज हलवतो, गोळ्या झाडतो, भिडतो, आणि तोवर आपण बहुतेक वेळ बचावाचेच फासे टाकायचे. पूर्ण आकाराच्या सामन्यात हे फार रटाळ होतं. म्हणून सुरुवात किल टीम या याच विश्वातल्या छोट्या खेळापासून करा. मोजकी मिनिएचर्स, छोटं टेबल आणि आळीपाळीने एकेक सैनिक हलवायचा. वन पेज रूल्स या दुसऱ्या कंपनीचे फुकट नियमही आळीपाळीचेच आहेत आणि त्यात कुठलीही मिनिएचर्स चालतात. मी आता निम्म्याहून जास्त वेळा तेच खेळते.

ने-आण करायची असेल तर प्रत्येक बेसखाली छोटा लोहचुंबक चिकटवा आणि डब्याच्या तळाशी लोखंडी पत्रा टाका. फोममध्ये कोंबलेल्या सैनिकांचे भाले आणि अँटेना आधी मोडतात.