पावशेराचा फोन, दहा महिन्यांनी

दहा महिने वापरलेल्या फोनबद्दल लिहिण्याआधी माझं काम सांगतो, म्हणजे ज्याचं काम वेगळं आहे त्याने माझ्या भरवशावर पैसे घालू नयेत. मी परभणी जिल्ह्यात ठिबकचं डिझाइन आणि फिटिंग करतो. रानात जायचं, माप घ्यायचं, मेनलाइन म्हणजे मुख्य पाइप कुठून न्यायची, त्यातून फुटणारी सबमेन कुठे तोडायची, व्हॉल्व्ह किती लागतील हे शेतकऱ्याला बांधावरच दाखवायचं आणि अनुदानाच्या फाइलसाठी फोटो काढायचे. पूर्वी हे सगळं वहीत व्हायचं. वही घामाने ओली होते, आणि रात्री घरी आल्यावर कोणती आकृती कोणाच्या रानाची हे आठवत नाही. एकदा तर एकाचं तीन एकराचं सामान दुसऱ्याच्या दोन एकरात उतरवून आलो होतो.

म्हणून मोठा स्क्रीन हवा होता आणि त्यावर रेघ मारायला पेन. फेब्रुवारी 2025 मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी एस24 अल्ट्रा घेतला. जानेवारी 2024 मध्ये आला तेव्हा 256 जीबीचा 1,29,999 ला होता. पुढचं मॉडेल आल्यावर भाव उतरला, जुना फोन दिला आणि मला तो लाखाला चार हजार कमी असा पडला. जुना कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही. एका अपडेटनंतर त्याच्या स्क्रीनवर हिरवी उभी रेघ आली होती आणि सर्व्हिस सेंटरवाल्याने "सगळ्यांच्याच येतात" एवढंच सांगून मला वाटेला लावलं होतं.

सेलूकडच्या एका काकांनी नव्या फोनची किंमत विचारली. मी भोळेपणाने सांगितली. ते बोटं मोजत म्हणाले, "म्हंजे ईस क्विंटल सोयाबीन खिशात घालून हिंडायलाव की तुमी!" त्या हंगामाचा हमीभाव 4,892 होता, त्यावर त्यांचा हिशोब बरोबर बसतो. बाजारात तेवढा भाव मिळत नव्हता, म्हणजे खरं तर वीसच्या वरच. तेव्हापासून रानात कोणी विचारलं तर "पोराने घेऊन दिला" म्हणतो. पोरगा सहावीत आहे.

घेण्याआधी दोन महिने घोळ घातला. वनप्लस 12 समोर होता. भारतात 64,999 पासून, बॅटरी 5400 एमएएच आणि 100 वॉटचा चार्जर डब्यातच. इकडे 5000 एमएएच, 45 वॉट आणि चार्जर वेगळा विकत घ्या. कागदावर बघितलं तर सरळ हरलेली केस. पण तिकडे पेन नाही आणि काच कडेला वळलेली. आयफोन 16 प्रो मॅक्स 6.9 इंचाचा, 1,44,900 चा, पण ॲपलची पेन्सिल आयफोनवर चालतच नाही, तेव्हा तो विषय तिथेच संपला. मन खरं अडकलं होतं ते घडीच्या फोनवर. झेड फोल्ड6 उघडला की 7.6 इंच, अख्ख्या गटाचा नकाशा एका नजरेत. त्यावर पेन चालतं, पण ते फोनमध्ये ठेवायला जागा नाही. मग धूळ-पाणी अडवण्याचं त्याचं रेटिंग वाचलं: आयपी48. त्यातला पहिला आकडा धुळीचा असतो. 4 म्हणजे एक मिलिमीटरपेक्षा मोठा कण आत जाणार नाही, एवढीच हमी. आमची काळी माती उन्हाळ्यात सुकली की मैद्यासारखी उडते. ज्वारीच्या धसकटात एक दिवस फिरून आलं तर कानातून माती निघते. बिजागरी असलेली वस्तू तिथे नेणं म्हणजे 1,64,999 रुपये मातीत घालणं.

आता वजन. 232 ग्रॅम. जुना शेर साधारण 933 ग्रॅमचा, म्हणजे त्याचा पाव बरोबर एवढाच भरतो. कव्हर घातलं की आजच्या किराणा दुकानातला पावशेरही मागे पडतो. दुकानात हातात घेऊन बघताना हे कळत नाही, तिथे आपण दोन मिनिटं धरतो आणि मोठ्या स्क्रीनकडे बघत बसतो. माझं अर्धं काम वाकून असतं, ड्रिपर तपासायला, जॉइंटर बसवायला. शर्टाच्या खिशात पावशेर घेऊन वाकलं की तो पुढे झेप घेतो. पहिल्याच महिन्यात दोनदा चिखलात आणि एकदा हौदाच्या कठड्यावर पडला. हौदात पडला असता तर त्या दिवशी मीही मागोमाग गेलो असतो. पँटच्या खिशात ठेवून गाडीवर बसता येत नाही, मांडीत रुततो. शेवटी आमच्या टेलरकडून चार शर्टांचे खिसे खोल करून वर झाकण शिवून घेतलं. त्याने विचारलं, "पोलिसात लागलाव काय?"

पुढच्या एस25 अल्ट्राचं वजन 218 आहे आणि रुंदीही 79 मिलिमीटरवरून 77.6 वर आली आहे. आज घेणाऱ्याने हा फरक किरकोळ समजू नये. तो रुंदीतला दीड मिलिमीटर अंगठ्याला कळतो. पण त्यात पेनातलं ब्लूटूथ काढून टाकलंय, म्हणजे पेनाचं बटण दाबून लांबून फोटो काढता येत नाही. मला त्याचा उपयोग होतो: फोन फिल्टरवर टेकवायचा, शेतकऱ्याला आणि स्वतःला संचाशेजारी उभं करायचं आणि बटण दाबायचं.

ज्यासाठी हे लिहायला बसलो ती गोष्ट काचेची आहे.

दुकानदाराने फोन देताना टेम्पर्ड ग्लास फुकट बसवून दिली. मीही खुशीत. मार्च बरा गेला. एप्रिलमध्ये पारा 42 च्या आसपास गेला आणि रानात स्क्रीनवर स्वतःच्या टोपीशिवाय काही दिसेना. कंपनीचा आकडा 2600 निट्सचा (स्क्रीनचा उजेड मोजायचं माप), आणि मी हाताची सावली करून, फोन पोटाशी धरून रेघा मारतोय. त्यातून फोन उजेड वाढवणार, वाढवला की तापणार, आणि तापला की जीव वाचवायला स्वतःच उजेड कमी करणार. हा खेळ सगळ्याच फोनचा आहे. ॲपल तर स्वतःच्या माहितीपत्रकात आयफोन वापरायचं हवेचं तापमान 0 ते 35 अंश असंच सांगतं. आमच्याकडे 35 अंश म्हणजे एप्रिलमधली सकाळ.

एक दिवस मानवतकडे काम चालू होतं. पाना हातातून सुटला, फोनवर पडला आणि टेम्पर्डचा कोपरा फुटला. लिंबाखाली बसून ती सोलून काढली, फोन पुसला आणि परत उन्हात आलो. टोपी गायब! आकृती सरळ दिसायला लागली. आधी वाटलं ढग आला.

घरी जाऊन वाचलं तेव्हा उलगडा झाला. या फोनची काच कॉर्निंगची गोरिला आर्मर आहे आणि तिचा मोठा गुण मजबुतीपेक्षा वेगळा आहे: ती प्रतिबिंब 75 टक्क्यांपर्यंत कमी करते असं कॉर्निंग सांगतं. साध्या काचेवर समोरून पडलेल्या उजेडातला सुमारे 4 टक्के परत फिरतो. ऐकायला थोडा वाटतो, पण ऊन एवढं प्रखर असतं की ते 4 टक्केही स्क्रीनच्या उजेडाला दाबून टाकतात. प्रतिबिंब कमी करण्याची ती करामत काचेच्या बाहेरच्या, हवेला लागलेल्या पृष्ठभागावर असते. त्यावर शंभर रुपयांची काच डिंकाने चिकटवली की बाहेरचा पृष्ठभाग त्या शंभराच्या काचेचा होतो आणि खालची महागडी काच आंधळी होते. म्हणजे दोन महिने मी ज्याचे पैसे मोजले तेच झाकून फिरत होतो, आणि शिव्या देत होतो उन्हाला.

याचा एक पुढचा फायदा मला नंतर लक्षात आला. प्रतिबिंब कमी म्हणून उजेड कमी लागतो, उजेड कमी म्हणून फोन कमी तापतो आणि बॅटरीही पुरते. सकाळी सातला शंभर टक्के घेऊन निघालो की संध्याकाळी घरी येईपर्यंत तीस-पस्तीस उरतात. जिथे रेंज नाही अशा रानात दिवस गेला तर वीस. टेम्पर्ड होती तेव्हा दुपारी चारलाच पॉवर बँक काढावी लागायची. दुकानात निट्स विचारा, बॅटरी विचारा, पण फोन दुकानाबाहेर उन्हात नेऊन त्यात आपलं तोंड किती दिसतं ते आधी बघा.

चार्जिंगच्या वॉटवर मी सगळ्यात जास्त झोप घालवली होती, आणि दहा महिन्यांत त्याचा विचार फार कमी वेळा आला. रात्री पंख्याखाली लावतो, 45 वॉटवर तासाभराच्या थोडा वर वेळ लागतो, मी झोपलेलो असतो. दुपारी खिशातून काढलेला तापलेला फोन लावला तर बॅटरी जपायला तो स्वतःच वेग कमी करतो, आणि तसं 100 वॉटवालाही करणार. एका म्हाताऱ्या मावशींनी तापलेला फोन बघून "रांजणावर ठिवा की जरा" असं सुचवलं होतं. माया म्हणून बरोबर, पण एकदम गार केलं की आत दव धरतं, म्हणून मी नुसता सावलीत पालथा ठेवतो. मात्र खरं सांगायचं तर जूनमध्ये वादळात खांब पडले, दोन दिवस लाइट नव्हती आणि मधे फक्त चाळीस मिनिटं आली, तेव्हा वनप्लसवाला मेहुणा फोन पूर्ण भरून मोकळा झाला आणि मी साठावर लटकलो. त्याने ते अजून सोडलेलं नाही.

पेनाबद्दल थोडक्यात: रोज वापरतो. रानाचा फोटो काढायचा आणि त्याच्यावरच लाइनी ओढायच्या. बंद स्क्रीनवर पेन काढून लिहिता येतं, त्यामुळे फोनवर बोलता बोलता "16 एमएम, 4 लिटर, अंतर 40 सेंमी" एवढं टिपून होतं. स्क्रीन सपाट आहे म्हणून रेघ कडेपर्यंत जाते. लिहायला पेनाला चार्जिंग लागत नाही. ब्लूटूथचं बटण वापरलं नाही तर ते मेलं काय, जगलं काय, रेघ उमटते.

या पेनाची खरी किंमत सप्टेंबरात कळली. गोदाकाठच्या गावांत पाणी शिरलं, कपाशी आडवी, लॅटरलचे, म्हणजे ठिबकच्या बारीक नळ्यांचे, गुंडाळे झाडांना लटकलेले. वाहून गेलेल्या संचांचे फोटो आणि याद्या करत पावसात फिरत होतो. ओल्या काचेवर बोट लावलं की फोन वेड्यासारखा कुठेही उघडतो. पेनाची जाणीव बोटापेक्षा वेगळ्या पद्धतीने होते, त्यामुळे पाण्याच्या थेंबांतूनही नाव लिहिता येत होतं. आयपी68 म्हणजे दीड मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास. गढूळ पाण्याचं त्या आकड्यात काही नाही, म्हणून मी फोन मुद्दाम कधी बुडवला नाही. त्या चार दिवसांत चार्जिंगच्या भोकात ओल असल्याची सूचना यायची आणि तार लावली तरी चार्ज होत नसे. मेव्हण्याकडून वायरलेस चार्जर आणला, 15 वॉटचा. रांगत रांगत का होईना, भरला. ज्या सोयीला मी शहरी चैन म्हणायचो तिने चिखलात साथ दिली. चार्जर मेव्हण्याचा होता, हे मी त्याच्यापुढे जरा हळू आवाजात सांगतो.

कॅमेऱ्यात जास्त जीव नाही घालत. 200 मेगापिक्सेलचा पूर्ण फोटो मी सहा वेळा काढला असेल. फाइलसाठी साधा पुरतो. आधीच्या एस23 अल्ट्रात 10 पट जवळ आणणारी भिंग होती, यात 5 पटीची आहे पण 50 मेगापिक्सेलची. घेताना याचं वाईट वाटलं होतं. दिवाळीत वेरूळला गेलो तेव्हा कैलासाच्या शिखरावरचं कोरीव काम खालून टिपलं, घरच्यांनी वाहवा केली. दहा महिन्यांत झूम लागला तो तेव्हा आणि एकदा लांबच्या डीपीवरचा, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, नंबर वाचायला.

मेमरी कार्ड मात्र रोज आठवतं. एस20 पर्यंत कार्डाची जागा होती, 2021 च्या एस21 पासून गेली. माझ्याकडे 256 जीबी आहे आणि संचांच्या व्हिडिओंनी ती भरत आली आहे. टाइप-सीचा पेनड्राइव्ह घेऊन दर महिन्याला रिकामी करतो. कंपनी सात वर्षं अपडेट देणार म्हणते. ठिबकच्या संचाचंही आयुष्य आम्ही सातच वर्षं धरतो, त्यामुळे आकडा ओळखीचा वाटला. पण सात वर्षं वापरायचा असेल तर 512 चाच घ्यायला हवा होता, आणि मध्ये एकदा बॅटरी बदलावी लागणार हेही धरून चालावं.

टेम्पर्ड परत लावली नाही. ऑक्टोबरात सँड फिल्टर उघडून वाळू बदलत होतो, त्याच हाताने फोन पुसला. फिल्टरची वाळू म्हणजे गारगोटी, काचेपेक्षा कडक. स्क्रीन बंद असताना तिरपा धरला की मधोमध केसाएवढा ओरखडा दिसतो. चालू असताना दिसत नाही. बायको म्हणते आता तरी काच लावा. पोरगा म्हणतो लावू नका, पुढे मला द्यायचाय तो, ओरखड्याचं चालतं. सेलूवाले काका परवा भेटले, त्यांनीही तिरपा धरून बघितला आणि म्हणाले, "एक क्विंटल गेलं बघा."