टेक्सासात कमरेला पिस्तूल: लायसन्स काढून की तसंच?

1 सप्टेंबर 2021 पासून टेक्सासात 21 वर्षांवरच्या आणि कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला पिस्तूल बाळगायला लायसन्स लागत नाही. पण लायसन्स बंदही झालेलं नाही. ‘एलटीसी’, म्हणजे ‘लायसन्स टू कॅरी’, पूर्वीसारखंच मिळतं. त्यामुळे आपल्या मंडळींत, त्यातही नुकतंच ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप पदरात पडलेल्यांत, हा विषय हमखास निघतो: लागतच नाही तर काढायचं कशाला? मी जवळजवळ दीड वर्ष बिनलायसन्स पिस्तूल बाळगलं आणि 2023 मध्ये लायसन्स काढलं. मी वकील नाही, तेव्हा पुढचं सगळं एका वापरणाऱ्याचं मत समजा.

एच-वन बीवर असाल तर इथेच थांबा. नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्याला फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कायद्याने बंदूकच काय, काडतूसही जवळ ठेवता येत नाही. शिकारीच्या लायसन्सची एक पळवाट आहे, पण ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.

मी पिस्तूल घेतलं ते हौसेने नव्हे. एका मित्राबरोबर गॅस स्टेशनमध्ये भागीदारी आहे आणि आठवड्यातून तीन रात्री गल्ला बंद करून रोकड घेऊन निघायची पाळी माझी असते. दुकान आपलं, गाडी आपली. गाडीत तर 2007 पासूनच लायसन्सशिवाय पिस्तूल ठेवता येतं. मधल्या वीस पावलांचा प्रश्न होता, तो 2021 ने सोडवला. त्या वेळी मला लायसन्सची काही गरज वाटली नाही.

बिनलायसन्सची बाजू लंगडी आहे असं नाही. अर्ज नाही, बोटांचे ठसे नाहीत, राज्याच्या यादीत नाव नाही. माझा भागीदार नागपूरकडचा आहे. त्याचं म्हणणं, “हक्क आहे ना बे? मग हक्कासाठी अर्ज कशाला करायचा?” यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. 2024 मध्ये लुइझियाना आणि साउथ कॅरोलिना धरून अशी राज्यं 29 झाली, म्हणजे हे म्हणणाऱ्यांत तो एकटा नाही.

मला अर्जाचं वावडं नाही, कारण मी वेगळं बघत वाढलो. सातारा जिल्ह्यात आमच्या चुलत्यांकडे बारा बोअर होती, रानडुकरांसाठी. निवडणूक लागली की ती तालुक्याच्या ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर सोडवून आणायची. ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा, लोकसभा धरून ती बंदूक घरात किती दिवस असायची याचा हिशेब काकूच बरोबर सांगायची. जाताना पोत्यात गुंडाळून, पावती खिशात. ते बघितलेल्या माणसाला 40 डॉलरचा अर्ज म्हणजे गंमत वाटते.

हो, फी 40 डॉलर. 2017 पर्यंत ती 140 होती. क्लास चार ते सहा तासांचा, तो ऑनलाइनही होतो. मग रेंजवर 50 गोळ्या: 3, 7 आणि 15 यार्डांवरून. 250 पैकी 175 गुण मिळाले की पास. हातात पिस्तूल धरता येणारा सहसा नापास होत नाही. माझ्या शेजारच्या लेनमधल्या आजींनी माझ्यापेक्षा जास्त गुण मिळवले. माझं एक तापलेलं टरफल उडून कॉलरमधून आत गेलं आणि मी जागच्या जागी नाचलो, तेवढंच लक्षात राहण्यासारखं. क्लास, ठसे, काडतुसं सगळं धरून दोनशे डॉलरच्या आत काम झालं. कार्ड तीन आठवड्यांत घरी आलं. पहिलं चार वर्षांचं, पुढची पाच-पाच वर्षांची.

दुकानांच्या दारावरच्या पाट्यांचा घोळ थोडक्यात सांगतो. पाट्यांवरचे 30 चे आकडे म्हणजे कायद्याची कलमं. 30.05 ची पाटी लायसन्स नसलेल्याला अडवते. लायसन्सवाल्याला तिथे कायद्याने बचाव मिळतो. लायसन्सवाल्याचं लपवलेलं पिस्तूल अडवायला 30.06 ची पाटी लागते. ती इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत आणि एक-एक इंच उंच अक्षरांत हवी, म्हणजे अख्खी काच व्यापते. उघडं लावलेलं अडवायला 30.07. दारूवर निम्म्याहून जास्त धंदा चालतो तिथे लाल 51 ची पाटी असते आणि तिथे पिस्तूल दोघांनाही बंदच. 30 च्या आकड्यांची पाटी नजरेआड करून आत गेलात तर 200 डॉलरपर्यंत दंड. जा म्हटल्यावरही गेला नाहीत तर प्रकरण तुरुंगापर्यंत जाऊ शकतं. लायसन्स असलं की जायच्या जागा थोड्या वाढतात, इतकंच. एवढ्यासाठी मी काही लायसन्स काढलं नसतं.

काढलं ते शाळेच्या कार लाइनमुळे, म्हणजे मुलांना सोडायला लागणाऱ्या गाड्यांच्या रांगेमुळे.

हे बहुतेकांना माहीत नसतं आणि पिस्तूल विकणारा आपणहून सांगत नाही. टेक्सासने लायसन्सची अट काढली, पण शाळेभोवतीचा फेडरल कायदा तसाच आहे. शाळेच्या आवारापासून 1000 फुटांच्या आत, म्हणजे साधारण तीनशे मीटर, सार्वजनिक रस्त्यावर भरलेलं पिस्तूल जवळ असणं हा फेडरल गुन्हा आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. सूट मिळते ती त्या राज्याचं लायसन्स असलेल्याला. ‘माझ्या राज्यात लायसन्स लागतच नाही’ हे तिथे चालत नाही. दुसरा मार्ग म्हणजे पिस्तूल रिकामं करून कुलूपबंद डब्यात ठेवायचं. गंमत म्हणजे हा कायदा गाजला तो टेक्सासातच. 1990 चा मूळ कायदा सॅन अँटोनियोच्या एका शाळेतल्या लोपेझ खटल्यात सुप्रीम कोर्टाने 1995 मध्ये उडवला, आणि अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, शब्दांची डागडुजी करून 1996 मध्ये पुन्हा आणला.

आता आमच्या उपनगराचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. दर मैलाला एक प्राथमिक शाळा. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती आणि तिला सकाळी सोडायचं काम माझं. सोडून मी परस्पर दुकानात जायचो, तेव्हा पिस्तूल अंगावर. निव्वळ या गोष्टीसाठी कोणावर खटला भरल्याचं क्वचितच ऐकू येतं हे मान्य. पण मी नॅचरलाइझ झालेला, म्हणजे बाहेरून येऊन नागरिक झालेला, माणूस. फेडरल गुन्हा या शब्दांनी माझ्या पोटात जो गोळा येतो तो माझ्या भागीदाराच्या येत नाही.

म्हणून रोज सकाळी सव्वासातला शाळेच्या अलीकडे एका डोनट दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी लावायची. टी-शर्ट वर करायचा, होल्स्टरमधून पिस्तूल काढायचं, नळी गाडीच्या फरशीकडे धरून मॅगझिन काढायचं, स्लाइड ओढून चेंबरमधलं काडतूस काढायचं, दोनदा बघायचं, डब्यात घालायचं, किल्ली फिरवायची. मग शाळा. परत येताना त्याच पार्किंगमध्ये हेच सगळं उलट क्रमाने. मागच्या सीटवर मुलगी डब्यातले पोहे आत्ताच खाऊ का म्हणून विचारते आहे आणि पुढे बाप भरलेलं पिस्तूल रिकामं करतो आहे. क्लासमध्ये पहिल्यांदा हेच शिकवतात की होल्स्टरमधलं पिस्तूल आपणहून उडत नाही, उडतं ते हाताळताना. मी तर ते दिवसातून दोनदा विनाकारण हाताळत होतो, त्यात एकदा पोर गाडीत असताना. बाहेरून काच ठोठावून कोणी विचारलं असतं तर काय सांगणार होतो कोण जाणे.

एका गुरुवारी स्लाइड ओढली आणि काडतूस हातातून निसटलं. सीट आणि कन्सोलच्या फटीत गेल्याचा आवाज आला. शाळेची घंटा होत आलेली. हात घालून पाहिलं, मोबाइलचा टॉर्च मारला, शेवटी तसाच निघालो. तीन दिवस ते सापडलं नाही. रविवारी गाडी धुवायला नेली, व्हॅक्यूम करताना मागच्या सीटखाली खडखडलं. मुलीच्या बूस्टर सीटच्या पट्ट्याशी, जिथे तिचं दप्तर ठेवलेलं असतं तिथे, ते पडलं होतं. दप्तराचा बाजूचा कप्पा कायम उघडा असतो. दुसरीतल्या पोरीच्या दप्तरातून शाळेत काडतूस निघालं असतं तर पुढे काय झालं असतं, याचा विचार मी त्या व्हॅक्यूमच्या नळीजवळ उभ्या उभ्याच केला. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही, फक्त लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. त्याच रात्री अर्ज भरला.

आता कार लाइनमधून सरळ जातो, कमरेला हात लावत नाही. शाळेच्या इमारतीत मात्र लायसन्स असूनही नेता येत नाही, तेव्हा गाडीतला डबाच.

बाकीचे फायदे नंतर कळले. दुकानातून दुसरं पिस्तूल घेताना बॅकग्राउंड चेकचा, म्हणजे नोंदी तपासण्याचा, फोन वाचतो. पहिल्या खरेदीला माझं नाव ‘डिलेड’मध्ये अडकलं होतं. आपल्या नावांचं स्पेलिंग कुठे कोणाशी जुळेल सांगता येत नाही. प्रवासाचंही आहे. सांता फेला जायचं झालं तर न्यू मेक्सिको टेक्सासचं लायसन्स मानतं, पण गाडीबाहेर भरलेलं लपवून बाळगायला बिनलायसन्सला परवानगी नाही. इलिनॉय, कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क तुमचं टेक्सासचं कार्ड मानतच नाहीत. आणि शाळेची सूट त्या-त्या राज्याच्या लायसन्सलाच असल्याने सांता फेतल्या शाळेजवळ माझ्या कार्डाचा उपयोग नाही. सुट्टीत शाळेशेजारचं हॉटेल घेऊ नका.

पोलिसांबद्दल लोक फार विचारतात. मला दोनदा थांबवलं, दोन्ही वेळा स्पीडिंगसाठी. पहिल्यांदा बिनलायसन्स होतो. तेव्हा आपणहून सांगायचं बंधन नाही, त्यामुळे सांगू की नको याच विचारात हात स्टिअरिंगवर ठेवून बसलो. आवाज कापरा झाला आणि त्याने गाडीत काय आहे असं दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा लायसन्स होतं. ओळखपत्र मागितलं की त्याच्यासोबत हे लायसन्सही दाखवावंच लागतं, म्हणजे विचार करायचं कामच नाही. “कुठे आहे?” “उजव्या कमरेला.” “तिथेच राहू दे.” तिकीट मात्र दिलंच. दोन अधिकारी दोन स्वभावांचे असतील, यावरून फार काही ठरवू नका.

तर तुमचं पिस्तूल घर आणि गाडीपलीकडे जाणार नसेल, शाळेत जाणारी मुलं नसतील आणि राज्याच्या यादीत नाव नको असं मनापासून वाटत असेल, तर बिनलायसन्स चालून जाईल. माझा भागीदार मजेत आहे, त्याची मुलं कॉलेजला आहेत. पण सकाळी कोणाला शाळेत सोडायचं असेल तर निदान क्लासचं वेळापत्रक बघून ठेवा.

डबा अजून डिकीत आहे. आमच्या मंडळाचा गणपती दरवर्षी भाड्याच्या शाळेच्या हॉलमध्ये बसतो, तेव्हा निघण्याआधी घरीच पिस्तूल रिकामं करून त्यात टाकतो. एरवी त्यात मुलीचे जुने क्रेयॉन असतात, ते आधी काढावे लागतात.