कारखान्यातल्या कल्पना : बैठकीत मागाव्यात की कागदावर?

भोसरी, सातपूर किंवा शिरोलीत तीस-चाळीस माणसांचा कारखाना असेल आणि सुधारणा फक्त आपल्याच डोक्यातून येऊ नयेत असं तुम्हाला वाटत असेल, तर पहिला निर्णय पद्धतीचा असतो. सगळ्यांना एकत्र बसवून विचारायचं, की लिहून घ्यायचं?

बैठकीचा मार्ग बहुतेकांना आधी सुचतो. बीबीडीओ या अमेरिकी जाहिरात कंपनीतल्या अ‍ॅलेक्स ऑसबॉर्न यांनी ब्रेनस्टॉर्मिंग रूढ केलं. कुणाच्या कल्पनेवर टीका नको, जितक्या जास्त तितक्या चांगल्या, अचाटही चालतील, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घाला, हे त्याचे नियम. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठात हे तपासलं, तेव्हा एकेकट्याने विचार करणाऱ्या चौघांच्या कल्पनांची बेरीज, दुबार आलेल्या वगळूनही, चौघांच्या गटापेक्षा बरीच जास्त भरली. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या संशोधकांनी त्याचं मुख्य कारण दाखवलं : एक बोलतो तेव्हा बाकीच्यांना थांबावं लागतं आणि तेवढ्यात सुचलेलं निसटतं. आपल्याकडे त्यात आणखी एक अडचण आहे. साहेब समोर बसलेले असताना हेल्पर तोंड उघडत नाही, आणि साहेब आधी बोलले तर बाकीचे त्यांचंच पुढे ओढतात.

म्हणून नवं उत्पादन किंवा मोठी अडचण असेल, तर माझा कौल ६-३-५ पद्धतीला आहे. जर्मनीच्या बर्न्ड रोरबाख यांनी १९६८ मध्ये ती मांडली. सहा माणसं, प्रत्येकाने पाच मिनिटांत तीन कल्पना लिहायच्या, कागद शेजारच्याला द्यायचा, त्याने वरचं वाचून पुढे आपल्या तीन जोडायच्या. सहा फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या तासात, १०८ नोंदी होतात. बऱ्याच टाकाऊ निघतील, पण बुजऱ्या माणसाचीही कल्पना कागदावर येते. चर्चा त्यानंतर करा, ती हवीच. बिहार-ओडिशाचे कामगार असतील तर हिंदीत लिहू द्या, लिहायला अडखळणाऱ्याला चित्र काढू द्या. जिगचं, म्हणजे पार्ट जागेवर धरून ठेवणाऱ्या साधनाचं, रेखाटन चार ओळींपेक्षा जास्त सांगतं.

रोजच्या बारीक सुधारणांसाठी मात्र ही बैठक जड पडते. सेटिंगचा वेळ वाचवणं, पार्ट वाकून उचलावा लागू नये म्हणून ट्रॉली उंच करणं, हे मशीनवर काम करतानाच सुचतं. तिथे कुलूपबंद सूचनापेटी ठेवू नका. तिच्यात तक्रारी येतात आणि चिठ्ठीचं पुढे काय झालं ते कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फोटोपुरता ठीक, नोंद म्हणून नाही.

त्यापेक्षा एक पानी सूचना पत्रक घ्या. टोयोटाच्या एजी टोयोडा यांनी १९५० मध्ये फोर्डचा रूज कारखाना पाहिला, तिथली सूचना योजना त्यांना भावली आणि १९५१ पासून टोयोटात तशी योजना सुरू झाली. तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे ते उत्तर. आठवड्याच्या आत होय, नाही किंवा कधी, ते कारणासह आणि त्या माणसाच्या नावाने मिळायला हवं. किरकोळ खर्चाची मंजुरी सुपरवायझरच्याच हातात द्या. फाइल मालकापर्यंत चढायला लागली की दुसरं पत्रक येत नाही. बक्षीस लहान आणि सगळ्यांना सारखं ठेवा. मोठ्या रकमेपायी कल्पना कुणाची यावर भांडणं लागतात आणि माणसं एकमेकांपासून लपवू लागतात.

नाकारलेली पत्रकं फाडू नका. थ्रीएम या अमेरिकी कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये सापडलेला कच्चा चिकटणारा गोंद वर्षानुवर्षं निरुपयोगी राहिला. ते कंपनीत त्याबद्दल सांगत राहिले, म्हणून ते त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांच्या कानावर होतं. १९७४ मध्ये प्रार्थनेच्या पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या पडू लागल्या, तेव्हा त्यांना तो गोंद आठवला. १९८० मध्ये पोस्ट-इट, म्हणजे चिकटवून पुन्हा काढता येणाऱ्या चिठ्ठ्या, अमेरिकाभर विक्रीला आल्या. म्हणून दर तिमाहीला नाकारलेली पत्रकं डिझाइन, खरेदी आणि विक्रीच्या माणसांसमोर मोठ्याने वाचा, शक्य असेल तर ज्याने लिहिलं त्यालाच वाचू द्या.