वन्संचं कपाट: लाख, मेलामाइन की ऑइलपेंट?

नाशिकच्या सराफ बाजारातला वाडा रिकामा करताना आत्याचं सागवानी कपाट माझ्या वाट्याला आलं आणि घरात दोन तट पडले. आईला 'वन्संचं कपाट' होतं तसंच हवं होतं, बायकोला पांढऱ्या ऑइलपेंटचं. सुताराचं तिसरंच: "मेलामाइन मारू साहेब, आरसा होईल." मेलामाइन म्हणजे लाकडावर मारायचं पारदर्शक रासायनिक पॉलिश.

तुमच्याकडेही असा पेच असेल तर आधी दाराच्या आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा मिनिटभर दाबून धरा. आमचा बोळा काढला तर चहासारखा तांबूस झालेला, बोटं चिकचिकीत. म्हणजे जुनं लाखेचं पॉलिश.

माझ्यापुरता निम्मा निकाल तिथेच लागला. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे नवा हात जुन्यात मिसळून जातो. ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी फडका फिरवायचा, अख्खं दार खरवडायला नको. सागाच्या रेषाही आतून उजळल्यासारख्या दिसतात. नाजूक मात्र आहे. गरम कप टेकला की पांढरं वर्तुळ, सॅनिटायझर सांडलं की डाग. आणि हे काम श्रावणात काढू नका. दमट हवेत पॉलिश पांढुरकं पडतं. दिवाळीनंतरची आपली कोरडी थंडी उत्तम. पातळ हातावर हात चढवायचे असल्याने कारागीर आठवडाभर घरात मुक्कामाला येतो, हे धरून चाला.

मेलामाइन पाण्याला, उष्णतेला जास्त दाद देत नाही. पण त्यात हार्डनर, म्हणजे थर कडक करणारं रसायन, असतं. एकदा वाळलं की स्पिरिटने विरघळत नाही. खरचटलं तर अख्खा पल्ला घासा. वासही बरेच दिवस घरभर. जेवणाच्या टेबलाला मी तेच सांगेन, कपाटावर कोण पातेलं ठेवतंय? पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) आणखी दणकट, आणखी महाग, तक्रार तीच.

ऑइलपेंटला मी नाकं मुरडत होतो. पण २०१९ च्या पुरात गोदामाईचं पाणी वाड्यात शिरलं होतं, तेव्हा खालची फळी आणि दोन पाय कुजले. नव्या सागाचे तुकडे जोडले तर रंग जुळेना. ठिगळं फार असतील तर रंगच बरा, पण चांगल्या लाकडावर तो चढवणं मला पाप वाटतं. कपाटाला आधीच रंग असेल तर कोरडा काचपेपर मारू नका. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून आली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. ओलं करून घासा, पोरांना लांब ठेवा.

आम्ही बाहेरून लाख दिली, पायांना गडद रंग, आतून बायकोचा पांढरा. पितळी कडी चिंचेने घासायला घेतली तर आईने हात धरला: "थोडी काळपट राहू दे. वन्सं कडी कधी घासायच्या नाहीत."