२८० रुपयांचं लॉक आणि माझे ७,०४८ रुपये

गणपतीच्या आधल्या आठवड्यात आमच्या बाल्कनीच्या स्लायडिंगचं टच लॉक गेलं. आतली स्प्रिंग तुटली, खटका दाबला की दाबलेलाच राहायचा. डोंबिवलीत तळमजल्यावरचा फ्लॅट, रविवारची कोकणातली तिकिटं काढलेली. हे आधीच सांगतो, कारण 'एवढी घाई काय होती' असं विचारणारे नंतर ढिगाने निघाले.

ज्याने खिडक्या बसवल्या तो ॲल्युमिनियमवाला फोन उचलेना. नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याने लॉक उलटंसुलटं करून 'असलं आता येत नाय' म्हणत परत दिलं. म्हणून मोबाईलवर शोधलं आणि वर आलेला पहिला नंबर फिरवला. तिथे दिसणारा नंबर खरा असतोच असं नाही, हे मला ठाऊक होतं. तरी फिरवला.

माणूस नम्र. 'सर, फोटो व्हॉट्सॲप करा.' केला. फोटोखाली एकच करडी टिक. म्हणजे फोटो त्याच्याकडे पोचलेलाच नाही, आणि हा फोनवर म्हणतोय, 'ओळखलं सर, जुनं मॉडेल, कंपनीने बंद केलंय, गोडाऊनला एकच पीस आहे.' ती टिक मी डोळ्यांनी पाहिली हो! पाहिली आणि मनात म्हटलं, नेट स्लो असेल. दोन स्क्रूंमधलं अंतर त्याने विचारलं नाही. शटर किती जाड, लॉक डाव्या हाताचं की उजव्या, काही नाही. लॉक विकणारा माप घेतल्याशिवाय पुढे बोलत नाही, एवढं तरी कळायला हवं होतं. बावीस वर्षं अकाउंट्समध्ये दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका काढल्या आणि स्वतःच्या वेळी झोपलो.

बुकिंगचे १९९. मग लॉक आणि फिटिंगचे १,८५०, आगाऊ. पैसे घेणाऱ्याचं नाव स्क्रीनवर कुठल्याशा मोबाईल शॉपीचं होतं, तेही वाचलं. संध्याकाळी फोन: 'सर, पीस डॅमेज निघाला, रिफंड देतो. क्यूआर स्कॅन करा, रकमेच्या जागी रिफंड कोड टाका, ४९९९.' टाकला. पिनही टाकला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो, हे मीच सासूबाईंना दोनदा समजावलंय. पण दिवसभर माणूस दाराशी येईल म्हणून रजा टाकून बसलेलो, डोकं तापलेलं, २,०४९ परत मिळतायत एवढंच दिसत होतं.

बँकेत गेलो. काउंटरवरची बाई मान वर न करता म्हणाली, 'पिन तुम्हीच टाकलात ना?' मॅनेजर जेवायला. पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाला, 'सायबरला जा.' सायबरवाल्यांनी सांगितलं, आधी ठाण्याचा अर्ज आणा. परत ठाणं. तिथे आता दुसराच साहेब: 'समोरचा परराज्यातला दिसतोय, आपली हद्द नाही.' हद्द कुठलीही असो, तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते लिहिलेलं आहे. मी म्हटलं तसं. साहेब हसले. 'सात हजारांसाठी कलमं पाठ केलीत काका?' दोन दिवस चपला झिजवल्या, पण 'आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा' हे एकानेही सांगितलं नाही. ते सोसायटीच्या वॉचमनने सांगितलं! पैसे गेले की पहिल्या तासाभरात १९३० लावा, म्हणजे समोरच्या खात्यात ते अडवता तरी येतात. माझे तोवर कुठल्या कुठे गेले होते.

आणि लॉक? मशीद बंदरला उतरलो, नागदेवी स्ट्रीटवर जुनं लॉक दाखवलं. दुकानदाराने आधी पट्टी काढली, स्क्रूंमधलं अंतर मोजलं, मग मागे वळून खोका उघडला. २८० रुपये. जुनं लॉक सोबत न्या, फोटो नाही.

परवा एक फोन आला. 'सर, सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम होल्डवर आहे, फाइल चार्ज ९९९ भरा.' आवाज दुसरा, 'सर' म्हणायची तऱ्हा तीच. मी 'कुठल्या खात्यात?' म्हणेपर्यंत बायकोने फोन हातातून काढून घेतला.