ऑफिसचं चॅट-मीटिंग ॲप स्क्रीन रीडरवर: आठ महिने वापरल्यानंतर

मला अजिबात दिसत नाही. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून वाचणारा प्रोग्रॅम, वापरतो (फुकट, ओपन सोर्स, 2006 पासून चालू आहे), त्यामुळे हा रिव्ह्यू पूर्ण कानांवर केलेला आहे. ॲपचं नाव लिहीत नाही, आधीच्या दोन ॲप्सचंही थोड्याफार फरकाने हेच रडगाणं होतं.

पहिला आठवडा नुसता टॅब दाबण्यात गेला. एका चॅटमधून दुसऱ्या चॅटवर जायला तीसेक वेळा टॅब, मग कुठे पोचलो ते विसरायचं, की परत पहिल्यापासून. नंतर कळलं की एफ6 दाबलं की एका भागातून थेट दुसऱ्या भागात जाता येतं, यादी, मेसेज, टाइप करायची जागा असं. अर्धा त्रास तिथेच संपला. नवीन असाल तर आधी शॉर्टकट पाठ करा, काम नंतर. आणि ब्राउझ मोड (की दाबून पानावर फिरायचा), फोकस मोड (टाइप करायचा) यांच्याकडे लक्ष ठेवा, नाहीतर आपण मेसेज लिहितोय असं वाटतं आणि एच दाबला की हेडिंगवर, बी दाबला की बटणावर उडी. इन्सर्ट स्पेसने मोड बदलतो, मला सवय लागायला महिना गेला.

मीटिंगमध्ये दोन आवाज एकदम. साहेब बोलतायत आणि त्याच वेळी स्क्रीन रीडर चॅटमधला प्रत्येक मेसेज, कोण आलं, कोण गेलं, कोणी अंगठा दाखवला सगळं वाचतोय. सेटिंगमध्ये जाऊन या घोषणा बंद केल्या तेव्हा कुठे साहेबांचं पूर्ण वाक्य ऐकलं. हेडफोन वायरवालाच घ्या, ब्लूटूथवर शब्दाची सुरुवात गिळली जाते आणि माइक चालू झाला की आवाज फोनसारखा होतो.

म्यूटचं बटण तर कोडंच. ते ‘अनम्यूट’ म्हणतं म्हणजे मी आता अनम्यूट आहे, की दाबल्यावर होईन? एकदा मी दोन मिनिटं मुद्देसूद बोललो, कोणीच काही म्हणेना, मला वाटलं पटलं सगळ्यांना. म्यूटवर होतो.

स्क्रीन शेअर म्हणजे आमच्यासाठी शुद्ध व्हिडिओ, त्यात स्क्रीन रीडरला वाचायला अक्षरच नसतं. इन्सर्ट आर दाबून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखायची सोय, चालवतो, मजकूर बरा येतो, ग्राफ असेल तर आकड्यांचा चिवडा. त्यात ॲपचा फारसा दोष नाही खरं तर. ‘हे इथे बघा’ म्हणणाऱ्यांनी फाइल आधी पाठवली तर प्रश्नच मिटतो, आता टीममधले तिघं पाठवतात, बाकीच्यांना दर वेळी आठवण करायची. फोटोला वर्णन लिहायची सोय ॲपमध्ये आहे, पण ती कोणी उघडत नाही.

पाचव्या महिन्यात अपडेट आलं आणि मीटिंगच्या पट्टीतल्या बटणांची नावंच गेली. नुसतं ‘बटण, बटण, बटण’. तीन आठवडे मोजून दाबायचो, चौथं माइक, सहावं हँड रेज, एकदा चुकून मीटिंगमधून बाहेर. बटणाला नाव हवं हा डब्ल्यूसीएजीतला (अपंगांना वेबसाइट वापरता याव्यात म्हणून केलेली आंतरराष्ट्रीय नियमावली) सगळ्यात खालच्या, ए लेव्हलचा नियम आहे, 2008 च्या 2.0 आवृत्तीत आहे तो, काही नवीन मागणी नाही ही. सपोर्टला तक्रार केली तर उत्तरात स्क्रीनशॉट आला. लाल गोल काढलेला म्हणे, शेजारच्याने सांगितलं.

आमच्यातल्या एकीला थोडं दिसतं, ती भिंग वापरते. तिच्या मते डार्क थीममधली राखाडी अक्षरं बेकार, अक्षर आणि मागचा रंग यांच्यात त्याच नियमावलीत मागितलेल्या 4.5:1 कॉन्ट्रास्टच्या जवळपासही नसतील. हाय कॉन्ट्रास्ट थीम लावल्यावर तिचं भागलं.

तरी आधी एका निरोपासाठी उठून कोणाला तरी विचारावं लागायचं, ते आता होत नाही. सर्च तर झकास चालतो, जुना मेसेज दिसणाऱ्यांच्या आधी मला सापडतो. पाचपैकी साडेतीन.

काल परत अपडेटची सूचना आलीय. ‘नंतर’ दाबलंय, बटणांचं काय झालंय ते कोणी आधी टाकून सांगितलं तर बघतो.